मालिनीला कशाची भीती वाटते?

फार पूर्वी गोदेकाठच्या एका नगरात सुषेण राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व माहुताच्या कुळात जन्मले होते. राजाच्या पदरी मालिनी नावाची मंगलहत्तीण होती. तिचा म्हातारा माहूत वारला आणि राजाने नव्या माहुतासाठी दवंडी पिटवली.

मालिनीला चारा घालणारा रेवत खरं तर त्या जागेचा हक्काचा माणूस. ती पिलू होती तेव्हापासून त्यानेच तिला वाढवलेलं. पण एका हत्तीला दोन धनी नकोत, म्हणून ज्याची निवड होणार नाही त्याने हत्तीशाळेत पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असा तिथला नेम होता. निवड हुकली की मालिनी कायमची दुरावणार. बिचारा धास्तावला आणि नेमका भलत्या माणसाकडे सल्ल्याला गेला.

तो होता दरबारातला एक भाट. "अरे, चुका कसल्या सांगत बसतोस? झाकली मूठ सव्वा लाखाची!" असं म्हणून त्याने रेवतकडून गोडगोड उत्तरं घोकून घेतली.

दरबारची रीत अशी होती, की उमेदवार पुढे आला की राजा तबकातला विडा उचलून हातात धरी. विडा हातात आहे तोवर बोलायचं. तो तोंडात गेला की बोलणं संपलं.

राजाने रेवतला विचारलं, "मालिनीला कशाची भीती वाटते?"

खरं उत्तर ओठांपर्यंत आलं होतं हो! रेवतने ते गिळलं. "महाराजांच्या प्रतापाच्या छायेत वाढलेली ती. सिंहाच्या गर्जनेलाही भीत नाही."

"तुझ्या हातून कधी काही चुकलं?"

"कधीच नाही, महाराज."

राजाने जांभई दिली आणि विडा तोंडात घातला.

मग बोधिसत्त्व पुढे आले. राजाने दुसरा विडा उचलून तोच प्रश्न केला.

"ठाऊक नाही, महाराज. मी तिला आजच बघतोय," बोधिसत्त्व म्हणाले. "पण माझा आधीचा हत्ती सुपाला भ्यायचा."

"सुपाला? एवढं मोठं धूड?" राजा पुढे सरकला.

"होय. बाजारात एक बाई धान्य पाखडत होती, तिला बघून तो उधळला. कुंभाराची सगळी मडकी फोडली. चूक माझी. हत्ती भ्याला की आधी त्याचे कान थांबतात, आणि माझं लक्ष नव्हतं."

राजा खो खो हसला. मग त्याने कानांचं विचारलं, कुंभार काय म्हणाला तेही विचारलं. विडा हातातच सुकून गेला.

निवड बोधिसत्त्वांची झाली. त्यांनी रेवतचा चेहरा पाहिला आणि हात जोडले. "महाराज, मालिनी याची आहे. याला एकदा पुन्हा विचारा."

"खाल्लेला विडा परत येतो होय?" राजा म्हणाला.

निदान मालिनीची भीती तरी विचारून घ्यावी म्हणून बोधिसत्त्व रेवतच्या घरी गेले. दाराला कडी होती. लाजेने तो गाव सोडून गेला होता.

वसंतोत्सव आला. मालिनी सजून उभी राहिली आणि पुजाऱ्याने शंख फुंकला. तिचे कान थांबले. बोधिसत्त्वांनी ते पाहिलं, ते "थांबा!" म्हणून ओरडलेही, पण ती उधळली आणि कोरड्या खंदकात कोसळली. तिला पुन्हा उठता आलं नाही. बोधिसत्त्व खंदकात उतरून तिच्याजवळ बसून राहिले.

बातमी ऐकून रेवत धावत आला. मालिनीने सोंडेने त्याचा हात हुंगला आणि प्राण सोडला.

"शंख, महाराज," रेवत रडत काठावर उभ्या राजाला म्हणाला. "ती पिलू असताना मी गंमत म्हणून तिच्या कानाशी शंख फुंकला होता. माझीच चूक होती, म्हणून तर सांगितली नाही."

राजाचे डोळे भरून आले. "अरे वेड्या, एवढंच सांगितलं असतंस, तर विडा माझ्या हातातच राहिला असता."

इतकी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या नव्या भिक्खूकडे वळले. मग म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आज या नव्या भिक्खूला प्रश्न विचारणारे थेर, आपले ज्येष्ठ भिक्खू. मालिनी म्हणजे विहाराच्या दाराशी याची वाट बघणारी याची आई. परका माहूत मी होतो. आणि रेवत म्हणजे थेरांपुढे आत्ताच घोकलेली उत्तरं देऊन आलेला हा आपला भिक्खू."

भिक्खूने मान खाली घातली. शास्ता त्याला म्हणाले, "आपली चूकही न झाकता खरं सांगणं, सत्यपारमिता म्हणतात ती हीच. ऊठ बाळा, थेर अजून बसले आहेत."