ठकूआत्याची दोघींपुरती घोंगडी

बसा, सांगते. कुंभाळखोऱ्यात तेव्हा रस्ता नव्हता, पूल नव्हता, आणि घाटातली वाट इतकी अरुंद होती की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एका गाडीवानाला बैल सोडून गाडी मागं ढकलावी लागे. फार वर्षांपूर्वीचे ते दिवस. लेकी आठव्या-नवव्या वर्षी सासरी जात. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एक जाणती बाई सोबतीला जाई आणि पाच दिवस तिथं राही. तिला पाठराखीण म्हणत. नवरीच्या शेजारी निजायचं, पोरीला भूक लागली की तिनं न सांगता ओळखायचं, आणि सहाव्या दिवशी ती खेळात रमली की हळूच माघारी फिरायचं, हे तिचं काम.

ठकू सासरी आली तेव्हा तिच्यासोबत अशी कुणी आली नाही. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली होती, आणि आत्या होती ती अंथरुणाला खिळलेली. बापानं तिला कुंभाळच्या सणगरांच्या घरी आणून सोडलं आणि तो उलट्या पावली परत गेला. पोरगी ओसरीच्या खांबाला धरून बसली. तीन दिवस बोलली नाही, धड जेवली नाही. माघातला गारठा होता. सासू हाका मारून दमली. शेवटी सासरा, रखमाजी सणगर, हातातलं काम टाकून मागावरून उठला आणि तिच्यापाशी येऊन बसला.

"रड, पोरी," तो म्हणाला. "पर गारठ्यात रडू नगंस."

सणगर म्हणजे घोंगड्या विणणारे लोक. रखमाजीनं कोकरांची पहिल्या कातरणीची लोकर काढली. तिला जावळ म्हणतात, ती सायीसारखी मऊ असते. सूत कातायला त्यानं ठकूलाच शेजारी बसवलं. एकवीस दिवस त्यानं दुसरं काही विणलं नाही. काळीभोर घोंगडी, दोन्ही कडांना एकेक पांढरी रेघ. मागावरून उतरली तेव्हा ती एवढी रुंद निघाली की सासूनं विचारलं, एवढ्याशा पोरीला एवढी कशाला?

रखमाजी म्हणाला, "जिला पाठराखीण न्हाई, तिच्या पांघरुणात एक जागा जादा असावी."

ठकू त्या घोंगडीत वाढली. तिचा नवरा सिदू गरीब स्वभावाचा, हातानं कुशल. मूलबाळ झालं नाही, पण त्यावरून दोघांनी एकमेकांना कधी बोल लावला नाही. ठकू विशी ओलांडून गेली असेल, तेव्हा शेजारच्या घरातली आईविना पोर सासरी निघाली. सोबत कोण जाणार, यावर सगळ्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. ठकूनं खुंटीवरची घोंगडी काढली, खांद्यावर टाकली आणि गाडीत जाऊन बसली. पोरगी रडायला लागली तशी तिनं घोंगडीची एक बाजू उघडली, तिला आत घेतलं आणि सासऱ्याचे शब्द तिला सांगितले.

तिथून जे सुरू झालं ते चाळीस वर्षं चाललं. खोऱ्यातल्या बारा वाड्यांतली पोर सासरी निघाली, की निरोप कुंभाळला यायचा. घाटाखाली कोकणात, वर देशावर, नदीपल्याड, जिथं लेक दिली तिथं ठकू गेली. सगळ्या पोरी तिला आत्या म्हणायच्या. पुढं तिच्याहून मोठी माणसंही आत्याच म्हणू लागली. लग्नसराईत ती महिना महिना घरी नसायची. सिदू म्हणायचा, तू जा, भाकरी माझी मी थापतो. त्याच्या भाकरीला टोकं असायची. अजून आमच्याकडं भाकरी वाकडी झाली की सिदूची झाली म्हणतात. लग्नं सरली आणि ठकू परतली, की तो घोंगडी मांडीवर घेऊन बसायचा आणि झिजली असेल तिथं पुन्हा विणायचा. जुनं सूत कुठलं आणि नवं कुठलं, हे त्याचं त्याला तरी सांगता आलं असतं की नाही कोण जाणे.

त्या घोंगडीच्या किती गोष्टी सांगाव्या! एकदा तीन सख्ख्या बहिणी एकाच मांडवात, एकाच घरी दिल्या. सासरी जाताना वाटेत तिघी एकदम रडायला लागल्या. आत्यानं घोंगडी पसरली, तर तिघी मावल्या, आत्या मावली, आणि गाडीवानाच्या पाठीवर टाकायला एक टोक उरलं. पाऊस तिच्यातून कधी झिरपला नाही, डोळ्यांतलं पाणी मात्र ती पिऊन टाकायची. असं म्हणतात.

पण सगळ्यात जास्त सांगतात ती बनूची गोष्ट.

बनू नऊ वर्षांची. घाटाखालच्या तळवट गावात, खोतांच्या घरी दिलेली. मोठं घर, आणि घरावर खोतीणबाईचा, म्हणजे बनूच्या सासूचा, कडक अंमल. वैशाखाचे दिवस होते. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बनूला ताप भरला. खोतीणबाई म्हणाली की ही नाटकं आहेत, आणि पाठराखीण जवळ आहे तोवर ती संपायची नाहीत. तिनं बनूला माजघरात ठेवलं, आत्याला बाहेर काढलं आणि दाराला अडसर घातला. आत्यानं हात जोडून विनवलं, पोर बरी होईपर्यंत माहेरी नेते, मग माझी मी आणून सोडते. खोतीणबाईनं एवढंच सांगितलं की या घरात आलेली सून अशी परत जात नाही.

आत्या माघारी गेली नाही. माजघराच्या भिंतीला टेकून, बाहेर उन्हात बसली. डोक्यावरून घोंगडी घेतली. आतून बनूनं हाक मारली, "आत्या!"

"हाय गं. हितंच हाय," आत्या म्हणाली.

दर थोड्या वेळानं आतून हाक यायची आणि दर हाकेला बाहेरून ओ जायची. गावातल्या बायकांनी भाकरी आणून दिली, तिनं घेतली नाही. पोर आत उपाशी आहे, म्हणाली. फक्त पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी आत्याचा आवाज बसला, तिसऱ्या दिवशी शब्दच फुटेना. मग हाक आली की ती बोटांच्या पेरांनी भिंतीवर ठोकायची. मातीची भिंत, ठोकलेलं आत ऐकू जायचं. तेवढ्यानं पोर गप्प व्हायची.

घरात हे सगळ्यांना ऐकू येत होतं. खोतीणबाईलाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती तरातरा बाहेर आली, या बाईला आता हाकलून द्यायचंच म्हणून. अंगण तव्यासारखं तापलेलं, आणि ती अनवाणी. आत्यानं तिच्याकडं मान वर करून पाहिलं. बोलायला आवाज नव्हता. तिनं घोंगडीची एक बाजू उघडून धरली, इतकंच.

खोतीणबाई क्षणभर उभी राहिली. पाय पोळत होते. मग ती वाकली आणि आत बसली.

घोंगडीच्या आत ओढ्याकाठच्या करंजाखाली असतो तसा गारवा होता, असं म्हणतात. खोतीणबाई स्वतः सातव्या वर्षी खाडीपलीकडून होडीत बसून या घरी आली होती, आणि तिच्यासोबत कुणी आलं नव्हतं, ही गोष्ट तळवटमधल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होती. दोघी तशाच बसून राहिल्या. तेवढ्यात आतून हाक आली, अगदी बारीक.

"आत्या."

आत्यानं हात उचलला, पण तो भिंतीपर्यंत पोचेना. तिच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. पुन्हा हाक आली. तेव्हा खोतीणबाईनं भिंतीकडं तोंड केलं.

"आहे गं," ती म्हणाली. "इथंच आहे."

मग ती उठली. तिनं आपल्या हातानं अडसर काढला, घोंगडी आत नेऊन बनूच्या अंगावर घातली, आणि आत्याला धरून आणून तिच्या उशाशी बसवलं. स्वतः पेज करून दोघींना पाजली. दिवस मावळायच्या आत पोरीला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. सहाव्या दिवशी बनू अंगणात सागरगोट्यांनी खेळत होती, सासू समोर बसून गोटे मोजत होती. आत्या मागल्या दारानं निघाली.

अशी वर्षं गेली. सिदू आधी गेला. मग एका माघात ठकूआत्याही गेली, थकून, आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर. वाड्यांवर निरोप पोचला तशी माणसं जमली आणि हळहळली. एवढ्या जणींना हिनं पोचवलं; आता हिला पोचवायला ना लेक, ना सून.

मग कुणीतरी घाटाकडं बोट दाखवलं. वाटेनं बायका चढून येत होत्या. देशाकडच्या वाटेनं येत होत्या, नदी उतरून येत होत्या. कुणाच्या कडेवर नातवंड होतं, कुणाला सुना धरून आणत होत्या. तळवटहून बनू आली होती, केस पांढरे झालेली, आता तिथली खोतीण. बायकांनी मसणवटीत येऊ नये, असा तेव्हाचा रिवाज. जाणती माणसं तसं बोलूही लागली. बनू पुढं झाली.

"आम्ही तिच्या पाठराखिणी आहोत," ती म्हणाली. "तिला वाटेत एकटी कशी सोडू?"

कुणी अडवलं नाही. निघण्याआधी प्रत्येकीनं आत्याच्या घोंगडीचा एकेक धागा आठवणीला काढून घेतला. कुणी म्हणतं तिथं तीनशे जणी होत्या, कुणी म्हणतं पाचशे. इतके धागे काढल्यावर घोंगडी उरायलाच नको होती. पण आत्याच्या अंगावर घातली, तेव्हा ती डोक्यापासून पायांपर्यंत पुरली आणि दोन्ही अंगांना हात हात लोंबत राहिली. असं म्हणतात, आणि आमच्या खोऱ्यात ते कुणी खोटं मानत नाही.

आता लेकी आठव्या वर्षी जात नाहीत. शिकायला जातात, नोकरीला जातात, लग्न करून जातात. पण कुंभाळखोऱ्यातली पोर पहिल्यांदा घर सोडून निघाली, की तिच्या पदराला नाहीतर पिशवीच्या बंदाला लोकरीचा काळा धागा बांधतात, आणि वाडीतली एक बाई तिच्याबरोबर एसटीत चढते. नात्यातली नसली तरी चालते. पोरीच्या शेजारच्या जागेवर ती बसते, घाट उतरेपर्यंत बसून राहते, आणि तळवटच्या फाट्यावर उतरून तोच घाट पायी चढून परत येते.

वाटेत कुणी विचारलं, कुठं गेली होतीस म्हणून, तर तिनं एकच उत्तर द्यायचं असतं.

"ठकूआत्याचं काम होतं."