मुका राघू आणि सुलक्षणा राणी

एका राज्यात माणसांसारखे पक्षीही बोलत असत. मैना बाजारात भाव सांगत, कावळे पाहुण्याची वर्दी देत, आणि राजवाड्यातले राघू रोज सकाळी राजाला हाक मारून उठवीत. पण आता उठवावा असा राजाच महालात उरला नव्हता. कर्दम नावाच्या मांत्रिकाने वाटसरू पळवून आपल्या वनात कोंडले होते. त्यांना सोडवायला धवलसेन राजा गेला, तो परतलाच नाही.

सुलक्षणा राणी राज्य चालवी, न्याय करी, आणि दिवस कलला की पश्चिमेच्या सज्ज्यात उभी राही. वाटेवर धूळ उठे. कधी ती गुरांची असे, कधी वाऱ्याची. राजाच्या घोड्याची कधीच नसे.

राजगुरूंनी सांगितले होते, "राणीसाहेब, महालात धूप अखंड जळू द्या. धूप आहे तोवर राजाची आशा आहे." म्हणून महालात धूप जळत असे, आणि त्या धुरात राणीचे दिवस जात.

एके दिवशी दारी जोगीण आली. तिच्या खांद्यावर हिरवागार राघू होता.

"राणी, हा कर्दमाच्या वनातला. राजाचं काय झालं ते याने पाहिलं, म्हणून मांत्रिकाने याच्या वाचेला कुलूप घातलं. याची न बोललेली तीन बोलणी ज्याला उमगतील, त्याच्यापुढे ते कुलूप उघडेल."

"कोणती बोलणी?"

"मी सांगितली, तर ती तुला उमगली असं कसं होईल?" एवढे बोलून जोगीण वाफेसारखी विरली. राघू तेवढा मागे राहिला.

राणीला धीर कुठला? तिने राघूला पिंजऱ्यात ठेवले आणि लगेच आत हात घातला. "सांग रे, माझा राजा कुठे आहे?" राघूने पिसे अंगाशी आवळली, इतकी की तो काटकीसारखा बारीक दिसू लागला. डोळ्यांतली बुबुळे भराभर लहान-मोठी झाली. राणीने हात आणखी पुढे केला, तेव्हा तो कडकडून चावला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग रक्ताळलेले बोट धुताना राणीच्या मनात आले, चावा तर शेवटी येतो. त्याच्या आधी हे पाखरू किती वेळ काही सांगत असते.

पुढच्या वेळी पिसे आवळताच तिने हात मागे घेतला आणि भिंतीशी जाऊन बसली. राघूने सारे अंग झाडले, पिसे सैल सोडली आणि पेरूला चोच लावली.

"तू 'नको' म्हणत होतास," राणी म्हणाली. "आता ऐकलं."

राघूच्या कंठात कुलपाची एक कळ वाजली.

पुढे थंडी पडली. राघू गोल गरगरीत दिसू लागला. दासी म्हणाल्या, "राघूने बाळसं धरलं." पण राणी आता पाहायला शिकली होती. राघू भर दुपारी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसे. डाळिंबाचा दाणा चोचीत घेई, चावल्यासारखे करी आणि टाकून देई. प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वरखाली होई. राणीने पिंजरा मोकळ्या हवेत नेला, तर शेपटी थोडी थांबली. परत आत आणला, तर पुन्हा हलू लागली. राणीने मान वळवून धुपाटण्याकडे पाहिले. त्या धुरानेच याचा श्वास कोंडत होता.

"धूप विझवलात, तर राजाची आशा विझेल," राजगुरू म्हणाले.

"आशा मला दिसत नाही, गुरुदेव. याचा श्वास दिसतो."

तिने स्वतःच्या हाताने पाणी ओतले. त्या संध्याकाळी ती सज्ज्यात गेली नाही. राजाला आपणच निरोप दिला, असे तिला वाटत होते. पेटीतून राजाची शाल काढून तिने पिंजऱ्याभोवती लपेटली आणि तिच्या कडेला कपाळ टेकून ती बसून राहिली. कितीतरी दिवस असे गेले. मग एका सकाळी राघूची पिसे गुळगुळीत बसली, तो दांडीवर चढला आणि एक दाणा पोटात गेला.

"तू 'दुखतंय' म्हणत होतास," राणी म्हणाली. दुसरी कळ वाजली.

आता राणीने विचारणेच सोडले. ती नुसती शेजारी बसे. एका दुपारी राघू दांडीवरून आडवा सरकत तिच्याजवळ आला, मान खाली घातली आणि मानेवरची पिसे उभी केली.

"सांभाळा, राणीसाहेब, चावेल," दासी म्हणाली.

पण त्याचे डोळे निवांत होते आणि चोच हलकेच घासल्याचा आवाज येत होता. राणीने बोट पुढे केले आणि थांबली. राघूने आपणहून मान त्याला लावली. राजा गेल्यापासून तिने कुणाला असे मायेने कुरवाळले नव्हते, आणि तिलाही कुणी नव्हते. तिचे डोळे भरून वाहू लागले.

"तू 'जवळ ये' म्हणतोस. मलाही तेच म्हणायचं होतं रे."

तिसरी कळ वाजली, आणि राघू बोलला. "राणी, राजा जिवंत आहे. कर्दमाने त्याला राघू केलं आहे. मांत्रिकाच्या वडावर असे शेकडो राघू आहेत. त्यात तुझा ओळखलास तर मंत्र तुटेल. चुकलीस, तर तूही त्याच फांदीवर."

राणी निघाली. राघू पुढे, घोडा मागे. वडाखाली कर्दम बसला होता.

"ओळख," तो म्हणाला.

त्याने टाळी वाजवताच सारा वड राजाच्या आवाजात ओरडू लागला, "सुलक्षणे, मी धवलसेन!" जो आवाज ऐकायला ती झुरली, तो पानापानातून येत होता. राणीने दोन्ही कान घट्ट झाकले आणि नुसते पाहिले. ओरडणाऱ्यांची पिसे आवळलेली, बुबुळे भीतीने लहान-मोठी होत होती. बिचारे मांत्रिकाच्या धाकाने बोलत होते. बुंध्याशी एक राघू मात्र गप्प होता. पिसे फुललेली, शेपटी श्वासागणिक हलणारी. तिला पाहताच तो कसाबसा आडवा सरकला आणि मान खाली घातली.

राणीने बोट पुढे केले. ओढले नाही, धरले नाही. तो आपण होऊन बोटावर आला.

"हाच," राणी म्हणाली.

कर्दम नावाप्रमाणे चिखल झाला आणि जमिनीत मुरला. वडावरून शेकडो माणसे एकमेकांना हात देत खाली उतरली. राणीपुढे धवलसेन उभा होता, खंगलेला, तिचे बोट घट्ट धरून.

तो म्हणाला, "इतक्या आवाजांत माझा आवाज तुला कसा सापडणार, या भीतीने मी गप्प राहिलो."

"आवाज शेकडो होते," राणी म्हणाली. "माझी वाट पाहणारा एकच होता."

सुलक्षणा राणीचे वाट पाहणे असे सरले. तसे ऐकणाऱ्या साऱ्यांचे सरो.