मंत्र्यांच्या मुलाचे तळपाय

युद्ध पेटलं आणि मंत्री भगवंतराव सोनवडीत भाषणाला आले. "घराघरातून पोरं द्या!" म्हणून गरजले. समोर हौसाबाई निकम बसली होती. तिचा थोरला सीमेवर लढत होता. मंत्री तिला म्हणाले, "मावशी, आता धाकट्यालाही पाठवा!"

थोरल्याचं महिनाभर पत्र नव्हतं. तरी हौसाबाई उठली.

"पाठवते की. तुमचे चिरंजीव कधी निघणार?"

मंत्री खाकरले. "त्याची फार इच्छा आहे हो! पण तळपाय सपाट निघाले. डॉक्टर म्हणतात, त्याला पळता येणार नाही."

"मग त्यालाच आधी न्या, साहेब! सीमेवर न पळणाराच लागतो."

सगळा मांडव खदाखदा हसला. मंत्र्यांनी भाषण तिथंच आवरलं, आणि धाकट्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.