वेणूराणीचा लोकरी अंगरखा

एका राज्यात एक सावत्र आई होती. सावत्र म्हणताच तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, ती आधी पुसा. दुष्ट सावत्र आयांच्या कथा ज्यांना सांगायच्या त्यांनी सांगाव्यात. ही कथा वेणूराणीची आहे, आणि तिच्याबद्दल वावगा शब्द मी खपवून घेणार नाही.

वेणू ही डोंगरातल्या धनगरांची लेक. राजा धृतवीराची पहिली राणी वारली, मागे कुंदावती नावाची चिमुरडी राजकन्या उरली, तेव्हा राजाने वेणूशी लग्न केले. कुंदावती तिला माई म्हणे.

महालाच्या तळघरात कालभृंग मांत्रिकाचा खजिना होता. त्याला हात लावायचा नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. पण सहा वर्षांच्या पोरीला काय ठाऊक असते? कुंदावती एके दिवशी तळघरात उतरली आणि तिने खेळायला एक मोती उचलला. त्याच क्षणी कालभृंग भिंतीतून बाहेर आला.

"मोती कोणी उचलला?"

वेणूराणी पोरीमागे धावत आली होती. तिने पोरीची मूठ आपल्या मुठीत घेतली आणि म्हणाली, "मी."

"खोटं बोलतेस."

"मूठ माझी आहे. शाप मला दे."

मांत्रिकाला हात मिळाल्याशी मतलब. तो म्हणाला, "तुझ्या बोटांतून गारठा वर चढेल. बारा वर्षांनी, पौषी पौर्णिमेला सूर्य मावळताना, तो काळजाला पोचेल." एवढे बोलून तो भिंतीत परत गेला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही.

गारठा चढू लागला. पहिल्या वर्षी नखे निळी पडली. बोटे हलत होती तोवर राणीने कुंदावतीला विणायला शिकवले; टाके घालणे, सुलट, उलट, चुकले तर उसवणे. मग बोटे आखडली, मनगटे आखडली. अकराव्या वर्षी तिचे दोन्ही हात पुढे धरलेले होते तसेच खांद्यापर्यंत लाकूड झाले. दासी तिला घास भरवत. एवढ्या वर्षांत "तुझ्यापायी हे झालं" असे ती चुकूनही म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर कुंदावतीला बरे वाटले असते.

शेवटचे वर्ष लागले. चैत्रात एक साळुंकी खिडकीत येऊन बसली.

"मी नऊ वर्षं कालभृंगाच्या पिंजऱ्यात होते," ती म्हणाली. "तो झोपेत बडबडतो. तुझ्या माईच्या शापाला उःशाप आहे."

"सांग."

"जिला वाचवलं तिनं स्वतः लोकरीचा अंगरखा विणावा. तांबडा, निळा आणि पिवळा, तिन्ही रंग प्रत्येक ओळीत हवेत. रंगाऱ्याच्या हंड्यातला रंग चालायचा नाही. पांढरी लोकर हाती धरायची आणि ज्याचे आजवर कोणी आभार मानले नाहीत, त्याचे मानायचे. आभार खरे असले तर लोकर रंगेल. आणि अंगरखा अंगात सहज उतरला पाहिजे. ओढाताण झाली की सगळं फुकट."

अशा वस्त्राला तुम्ही आज स्वेटर म्हणता. नाव बदलले, थंडी तीच आहे.

कुंदावतीने आजवर एक टोपडे आणि अर्धा मोजा विणला होता. तो मोजा अजूनही अर्धाच आहे. तरी तिने पांढऱ्या लोकरीच्या लड्या झोळीत भरल्या, साळुंकीला खांद्यावर घेतले आणि ती निघाली.

राज्याच्या पोटात, जमिनीखाली, तप्तक नावाचा नऊ फणांचा नाग निखाऱ्यांवर वेटोळे घालून बसलेला असे. लोक त्याच्या बिळात दगड टाकत. कुंदावती बिळाशी उभी राहिली आणि तिने दरबारी थाटात आभार मानले: हे नागराज, आपण महान, आपण तेजस्वी. लोकर पांढरीच राहिली.

"ही स्तुती झाली," तप्तक म्हणाला. "स्तुतीनं माझं पोट भरत नाही. मी तुझं काय केलं ते सांग."

कुंदावतीने विचार केला. मग ती खाली बसली. "लहानपणी हिवाळ्यात मी पायांत काही न घालता दगडी फरशीवरून पळायची. फरशी कोमट असायची. मला वाटायचं, फरशा अशाच असतात. ती तुमची ऊब होती. तुमचे आभार."

नागाने नऊच्या नऊ फणा खाली केल्या. हातातली लोकर तांबडी झाली.

पुढे नदी होती आणि नदीवर पूल. पुलाखाली भारमती राक्षसीण तीनशे वर्षे कमान पाठीवर घेऊन उभी होती. कुंदावतीने हात जोडले.

"आभार मग मान," भारमती म्हणाली. "आधी इथं उभी राहा. मला मान मोकळी करायची आहे."

कुंदावती कमानीखाली उभी राहिली. राक्षसिणीने तिला तेवढ्यापुरते बळ दिले, वजन मात्र कमी केले नाही. वरून बैलांचा एक तांडा गेला. भारमतीने मान मोकळी केली, पाण्यात दोन डुबक्या मारल्या आणि पूल परत पाठीवर घेतला. कुंदावतीला धाप लागली होती. तिच्या तोंडून एवढेच निघाले, "बाई गं, आणि तू हे रोज करतेस!" त्या एका वाक्यावर लोकर निळी झाली.

तिसऱ्यासाठी मात्र ती सात गावे फिरली. विहिरीतल्या यक्षाचे आभार मानले. त्याचे आधीच कोणीतरी मानले होते. वडावरच्या मुंज्याचे मानले. त्याने काहीच केलेले नव्हते. शेवटी थकून ती बांधावर बसली आणि म्हणाली, "साळुंके, आता कुठे जाऊ?"

साळुंकी पलीकडे तोंड करून बसली होती. "मला काय विचारतेस? मी नुसती वाटाडी."

कुंदावतीला लाज वाटली. कोणी न बोलावता हे पाखरू पिंजऱ्यातून सुटले ते थेट तिच्या खिडकीत आले होते. मोकळे आकाश सोडून चार महिने खांद्यावर बसले होते. तिने हे सगळे मोठ्याने सांगितले आणि आभार मानले. साळुंकीने मान वळवली नाही, पण लोकर पिवळी झाली.

श्रावणात ती महालात परतली आणि विणकाम सुरू झाले. तीन रंगांची ओळ कशी विणतात ते ठाऊक नसेल तर ऐका. टाक्यात एका वेळी एकच रंग पुढे येतो. उरलेले दोन धागे टाक्यांच्या पाठीमागून चालत राहतात, आपली पाळी येईपर्यंत. लोकरीचे तीन गुंडे एकमेकांत गुंततात, विणणारी स्वतःशी वाईटसाईट बोलते, आणि दिवसाकाठी बोटभर नक्षी होते. कुंदावतीने तांबड्या चांदण्या घेतल्या, निळ्या लाटा घेतल्या, पिवळी पाखरे घेतली. पाठीमागचा एखादा धागा सैल राहून निसटला तर, अशी तिला धास्ती वाटे. म्हणून ती प्रत्येक धागा घट्ट ओढून घेई. माईच्या छातीत गारवा वाढला की त्या दिवशी आणखी घट्ट.

धनगरांच्या पाड्यात एक रीत आहे. कोणाच्याही घरी विणकाम दिसले की पाहुणी बाई आधी ते उलटे करून बघते, मग सुलट बाजूला छान म्हणते. महालात अशी रीत नाही. राजाने सुलट बाजू पाहून डोळे पुसले, दासींनी दृष्ट काढली. आणि जिने नक्की उलटे करून पाहिले असते, त्या माईपासूनच कुंदावतीने काम लपवले. पूर्ण करून एकदम दाखवायचे होते ना!

मार्गशीर्ष पौर्णिमेला अंगरखा पुरा झाला. कुंदावतीने तो माईच्या पुढे धरलेल्या हातांवरून सरकवला. तो कोपरापाशी अडला. तिने हळूच खेचला. तसूभर हलला नाही.

"खेचू नकोस," माई म्हणाली. "उलटा कर बघू."

कुंदावतीने उलटा केला. पाठीमागचे धागे तंबोऱ्याच्या तारांसारखे ताणलेले होते.

"नक्षी माझ्या आईलाही जमली नसती अशी आहे," माई म्हणाली. "पण मागचे धागे आवळलेस, म्हणून कापडाला ताणायला जागाच उरली नाही. एवढं का गं आवळलंस?"

"तू निसटून जाशील म्हणून."

माईने त्या ताणलेल्या धाग्यांवर गाल टेकवला. मग म्हणाली, "उसव."

चार महिन्यांचे काम उसवायला एक सकाळ पुरली. कुंदावती उसवत होती आणि रडत होती. सुटलेली लोकर शेवयांसारखी कुरळी झाली होती. ती लडी करून धुतल्याशिवाय सरळ होणार नव्हती, आणि लडी धरायला दोन हात लागतात.

"माझे हात पुढेच आहेत," माई म्हणाली. "आयतेच आहेत. गुंडाळ."

मग त्या गोठलेल्या हातांवर तांबडी लडी झाली, निळी झाली, पिवळी झाली. कोमट पाण्यात धुऊन, वाळवून कुंदावतीने पुन्हा टाके घातले, यावेळी माईच्या पायाशी बसून. माई सांगे, "रंग बदलण्याआधी टाके सुईवर मोकळे पसर. मागचा धागा टाक्यांच्या अंगाला लागून असावा, गळ्याला नाही." माईच्या आयुष्याचा तो कदाचित शेवटचा महिना होता, आणि खरे सांगतो, दोघी त्या महिन्यात जितक्या हसल्या तितक्या आधीच्या अकरा वर्षांत हसल्या नव्हत्या. साळुंकी चुका मोजायची आणि दोघींची बोलणी खायची.

पौषी पौर्णिमा उजाडली. दुपार कलली तेव्हा गळ्याच्या दोनच ओळी उरल्या होत्या, आणि पिवळी लोकर संपली. सैल धागा जास्त लोकर खातो, हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. तांबडी उरली होती, निळी उरली होती. पिवळ्याच्या जागी झोळीत एक पांढरी लडी तेवढी होती.

कुंदावतीने ती हाती धरून साळुंकीचे पुन्हा आभार मानले. लोकर पांढरीच.

"एकदा मानलेले दुसऱ्यांदा रंग देत नाहीत," साळुंकी म्हणाली. आज तिचा आवाज बारीक होता.

कुंदावती माईकडे वळली. घरच्या माणसांचे कसले आभार, ते परक्यांचे मानायचे, असे आपण म्हणतो. तीही तशीच वाढली होती. तिने माईच्या गार हातांवर कपाळ टेकले. "माई, माझी थंडी तू घेतलीस. मी पळाले, वाढले, ती तुझ्या हातांच्या जिवावर. तुझे आभार."

लोकर पांढरीच राहिली.

"हे खोटं नाही!" ती ओरडली. "यातला एक शब्दही खोटा नाही!"

"खोटं कसं असेल?" माई म्हणाली. गारठा काळजाशी आला होता, शब्द कष्टाने निघत होते. "चैत्रापासून तू दुसरं केलंस काय? प्रत्येक टाक्यात मानलेस की. मला सगळे पोचले." ती थांबली, श्वास घेतला. "लोकर माझ्या हातांवर ठेव."

कुंदावतीने ठेवली.

"मी या महालात आले तेव्हा मला कोणी जेवलीस का म्हणून विचारत नव्हतं. राजे लढाईवर. दासी म्हणायच्या, धनगरीण आली, मेंढ्यांचा वास आला. आठव्या दिवशी मी गाठोडं बांधलं. माहेरी निघाले होते. तेवढ्यात तू आलीस, पाच वर्षांची. हातात अर्धा खाल्लेला लाडू. म्हणालीस, हा उरलेला तुझा. मी गाठोडं सोडलं. लोक म्हणतात मी तुला वाचवलं. आधी तू मला ठेवून घेतलंस, कुंदे. तुझे आभार कोणी मानलेच नाहीत. मीही मानले नाहीत. आज मानते."

कुंदावतीला तो लाडू आठवतही नव्हता. माईच्या हातांवरची लोकर पिवळीधमक झाली.

सूर्य डोंगराला टेकला. राजा दाराशी उभा राहून पाहत होता. कुंदावतीने एक ओळ विणली. घाई होती तरी टाके मोकळे पसरले, मगच रंग बदलला. दुसरी ओळ विणली, टाके बंद केले, धागा तोडला. अंगरखा माईच्या हातांवरून सरकला, कोपरावरून गेला, खांद्यावरून गेला, डोक्यावरून उतरला. कुठे अडला नाही.

माईच्या बोटांच्या टोकांतून पाणी ठिबकू लागले. आधी थेंब, मग धार. फरशीवर ओघळ होऊन ते दाराबाहेर गेले. तळघरातला खजिना त्याच घटकेला विरघळला, आणि कालभृंगाची भिंत साधी भिंत झाली. वेणूराणीने बारा वर्षांनी बोटे मिटली, उघडली, आणि पोरीचे रडून लाल झालेले नाक अंगरख्याच्या नव्याकोऱ्या बाहीने पुसले.

"अगं, नक्षी!" कुंदावती म्हणाली.

"धुता येते," माई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राजाने स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याचे आभार मानले. आचाऱ्याला वाटले, नोकरी गेली. त्याची समजूत घालता घालता दुपार झाली. पण रीत पडली ती पडली. पौषी पौर्णिमेला त्या राज्यात अजूनही घरातली माणसे एकमेकांना समोर बसवतात आणि काय काय केलेस ते नाव घेऊन सांगतात. थोडे लाजतात, मग जेवतात. वेणूराणी पुढे पुष्कळ जगली आणि हिवाळाभर तोच अंगरखा घालून हिंडली. जशी ऊब तिला लाभली, तशी सांगणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि हे ऐकताना ज्याची आठवण झाली त्यालाही लाभो.