नऊशे हातोडे आणि सुंद्राबाई

फार वर्षांपूर्वी, बेलोंडीत वीज येऊन दोनच उन्हाळे झाले होते तेव्हा, ओढ्यापलीकडच्या माळावर अवजारांचा कारखाना निघाला. हातोडे, छिन्न्या, पहारी, कुदळी, सगळं तिथं व्हायचं. आता तिथं कुलूप आहे आणि आत कबुतरं आहेत. पण मी त्या कारखान्याची भाकरी सव्वीस वर्षं खाल्ली, मुलं शिकवली, घरावर दोन खोल्या चढवल्या, तेव्हा त्या जागेबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही. आणि कारखान्याचा विषय निघाला की आधी सुंद्राबाईंचं नाव घ्यायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. मी कामाला लागलो तेव्हा त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. म्हणजे सांगतो ते ऐकलेलं. थोडं वाढलं असेल, तर वाढवणारा मी एकटा नाही.

सुंद्राबाईंचा नवरा ज्ञानू खाणीवर दगड फोडायचा. त्याच्या हातोड्याला आतून चीर होती, ती कुणाला दिसली नाही. एके दिवशी ठोका मारताना कपची उडाली आणि त्याचा उजवा डोळा गेला. पुढं डावाही अधू झाला. तेव्हापासून सुंद्राबाई कुठलीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय हातात घेईनात. तवा, कोयता, शेजारणीची घागर, काही सोडायच्या नाहीत. बाया हसायच्या. पण घागर गळायला लागायच्या महिनाभर आधी त्या चीर कुठं आहे ते सांगायच्या, असं म्हणतात.

कारखान्यात त्या आल्या झाडलोटीला. भट्टीवरचे इब्राहिम मिस्त्री एकदा तयार हातोडे ढिगावर टाकत होते. बाईंनी झाडू थांबवला.

"मिस्त्री, आत्ता टाकला त्यो आतनं फुटलाय."

मिस्त्री हसले. गंमत म्हणून त्यांनी तो हातोडा मोठ्या घणाखाली धरला. त्याचे सरळ दोन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी झाडू दुसऱ्या कुणाच्या हातात गेला आणि बाईंना ढिगाशेजारी बसायला पाट मिळाला.

काम ऐकायला सोपं होतं. हातोड्याच्या भोकातून तार ओवून तो टांगायचा, बारीक सळईनं वाजवायचा आणि कान द्यायचा. चांगलं लोखंड बराच वेळ वाजत राहतं. चीर असली की आवाज बसका येतो आणि लगेच विझतो. आता हे सगळं विजेवरच्या घणाच्या दणदणाटात करायचं, तिथं तुमच्या-आमच्यासारख्याला स्वतःचं नाव ऐकू येत नाही. बाई मात्र नुसत्या आवाजावरून लोखंड कुणी तापवलंय ते सांगायच्या, आणि तापवणारा सकाळी बायकोशी भांडून आलाय का तेही, असं म्हणतात. हे शेवटचं मला पटत नाही. माझ्या बायकोला पटतं.

मग ते नऊशे हातोड्यांचं काम आलं. घाटात बोगदा निघणार होता, तिथल्या मजुरांसाठी हातोडे हवे होते. इतकी मोठी मागणी आधी कधी आली नव्हती. शनिवारी दुपारी ट्रक सुटायलाच हवा, उशीर झाला तर मागणी रद्द. आणि मागणी रद्द झाली तर साठातली निम्मी माणसं घरी बसणार. मॅनेजर मुजुमदार साहेबांनी हे सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. माणसांनी जिवाचं रान केलं. शनिवारी पेट्या ठोकून झाल्या, ट्रक भरला, ड्रायव्हरनं पुढं हार बांधला. तेवढ्यात सुंद्राबाई जेवण अर्धं टाकून आल्या आणि ट्रकच्या पुढं उभ्या राहिल्या.

"सायेब, माज्याकडनं एक चुकलं."

सकाळी एक हातोडा वाजवला आणि नेमका त्याच वेळी घण पडला. आवाज नीट आला नाही, आणि घाईच्या भरात तो तसाच चांगल्या मालात टाकला. आता घास घशाखाली उतरेना, असं त्यांनी सांगितलं.

"कुठल्या पेटीतला?" साहेबांनी विचारलं.

"त्ये न्हाई सांगता येत."

"अहो बाई, नऊशेंतला एक. कुणाला कळणार आहे?"

"ज्याच्या हातात जाईल त्याला कळंल," बाई म्हणाल्या.

बाई गप्प बसल्या असत्या तर त्यांच्याकडे कुणी बोटही दाखवलं नसतं. उलट आता तीस घरांच्या चुली त्यांच्यामुळं विझायची वेळ आली होती, आणि त्यात त्यांची स्वतःचीही होती. लोकांना राग आला होता, आणि का येऊ नये? मला आला असता. शेवटी इब्राहिम मिस्त्रींनी हात पुसले. त्यांच्या घरी सहा मुलं होती.

"किती पेट्या उघडायच्या?" त्यांनी विचारलं.

"समद्या."

मिस्त्री आत गेले आणि त्यांनी घण बंद केला. मग घासायची चाकं थांबली, भट्टीचा भाता थांबला. कामाच्या दिवशी कारखाना पहिल्यांदाच गप्प झाला. साठ माणसं पेट्या फोडून एकेक हातोडा तारेवर टांगायला लागली आणि बाई वाजवायला. घण थांबला म्हणून घाबरून गावातली माणसं धावत आली, तीही माळावर मुकाट बसून राहिली. त्या दुपारी कबुतरांनी पंख हलवले नाहीत, ओढा आवाज न करता वाहिला आणि पाळण्यातलं एकही पोर रडलं नाही, असं म्हणतात.

सहाशे एकतिसावा हातोडा बसका वाजला. तो आवाज साठांनाही ऐकू आला आणि माळावर बसलेल्यांनाही.

साहेबांनी त्याला दांडा बसवायला लावला आणि स्वतः दगडावर ठोका घातला. कपची उडाली ती सणसणत गेली आणि फाटकाच्या लाकडी खांबात रुतली, माणसाच्या डोळ्याच्या बरोबर उंचीवर. साहेबांनी खांबापाशी जाऊन कपचीची उंची स्वतःच्या डोळ्याशी लावून बघितली. बाईंनी मात्र उरलेले दोनशे एकोणसत्तर हातोडे वाजवून पुरे केले, मगच पाणी घेतलं.

उजाडताना ट्रक निघाला, आणि ड्रायव्हरशेजारी साहेब स्वतः बसले. घाटात त्यांनी उशिराचं कारण जसं घडलं तसं सांगितलं. तिथल्या मुकादमानं ते मजुरांना सांगितलं, आणि मजूरच म्हणाले की यापुढं आम्हाला त्या बाईंनी ऐकलेलेच हातोडे द्या, असं म्हणतात. एकाही माणसाला घरी बसावं लागलं नाही, एवढं मात्र पक्कं. त्या तीस घरांत माझ्या वडिलांचं घर होतं.

दोन दिवसांनी ज्ञानू चाचपडत फाटकापाशी आला. खांबात रुतलेल्या कपचीवर त्यानं बोट फिरवलं. "कुणाचा तरी डोळा ऱ्हायला," एवढंच म्हणाला आणि बायकोचा हात धरून रडला.

तो खांब पुढं वाळवीनं खाल्ला. कारखानाही गेला. पण आमच्या गावात अजून कुणी चारचौघांत येऊन "माझ्याकडून चुकलं" म्हणालं, तर त्याला आधी रागवायचं नाही. हातातलं यंत्र बंद करायचं आणि उठायचं. रागवायचं असेल तर काम निस्तरल्यावर खुशाल रागवा. याला आम्ही सुंद्राबाईंची सुट्टी म्हणतो.

गेल्या वर्षी दवाखान्यात नवीन नर्सबाई आल्या, परगावच्या. त्यांनी सकाळी म्हाताऱ्यांना गोळ्यांच्या पुड्या वाटल्या आणि एक पुडी भलतीच गेली, कुणाकडे ते आठवेना. पुडी जेवणाआधीच सापडली, कुणाला काही झालं नाही. पण मला आठवतं ते त्याआधीचं. त्या चौकात आल्या, पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्याकडून एक चूक झालीय हो." पिठाची गिरणी थांबली. वेल्डिंगवाल्यानं बटण बंद केलं. रसाचा चरक थांबला. एकदम सगळं शांत झालेलं बघून बाई जास्तच घाबरल्या, आता सगळे मिळून ओरडणार म्हणून मान खाली घालून उभ्या राहिल्या.

गिरणीवाल्यानं अंगावरचं पीठ झटकलं आणि विचारलं, "किती घरं बघायची?"