पेटी कोणी घेतली?

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव आता कोणालाच आठवत नाही. तिथल्या एका खेड्यात एक बाई सूत कातून पोट भरायची. घरात ती आणि तिचे म्हातारे वडील, दोघेच.

वडिलांचे डोळे गेले होते. येत्या पौर्णिमेला त्यांच्या आयुष्यातले हजार चंद्र पुरे होणार होते, म्हणजे त्यांना ओवाळायचे, सोहळा करायचा. पण ज्याला हजारावा चंद्र दिसणारच नाही, त्याला त्या दिवशी द्यायचे काय? लेकीने खूप विचार केला आणि ठरवले, डोळे गेले तर गेले, कान आहेत ना.

राजधानीत एका व्यापाऱ्याचे मोठे दुकान होते. तिथे गाणाऱ्या पेट्या मिळायच्या. किल्ली दिली की पेटी घरबसल्या गाणे ऐकवायची. लेकीने वर्षभर कातलेले सूत दिले आणि एक पेटी घेतली. त्या दिवशी तिचे केवढे लाड झाले! बसायला गादी, प्यायला वाळ्याचे सरबत, पेटीला रेशमी फीत.

"ताई, वडील नशीबवान हो तुमचे," विकणारा म्हणाला.

घरी आल्यावर वडील अंगणात उन्हाला बसलेले पाहून तिने गुपचूप किल्ली दिली. पेटी गप्प. पुन्हा दिली. तरी गप्प. झाकण उघडून पाहिले, तर तारांच्या मधे काहीतरी पांढरे दिसले. ती बोट घालणार, तेवढ्यात झाकणावरची पितळी पट्टी दिसली: 'आत बोट घालाल तर पेटीशी आमचा संबंध संपला.' तिने बोट मागे घेतले. पौर्णिमेला चार दिवस उरले होते.

सकाळ होताच ती पुन्हा दुकानात गेली. तक्रारीचे दार मागच्या बाजूला होते. तिथे गादी नव्हती, सरबत नव्हते. पिंजऱ्यात एक मैना होती.

"आपण रांगेत आहात," मैना म्हणाली. "थोडं थांबा. आपण आम्हाला फार प्रिय आहात."

"अगं, पेटी गात नाही," लेक म्हणाली.

मैनेने मान तिरकी केली. "आपण आम्हाला फार प्रिय आहात."

दुपार कलल्यावर खिडकी उघडली. "पेटी कोणी घेतली?" आतल्या कारकुनाने विचारले.

"मी घेतली."

"कोणाला द्यायला?"

"बाबांना."

"मग तुम्ही देणाऱ्या झालात. घेणारे बाबा. तक्रार घेणाऱ्यानेच करायची, असा नियम आहे."

"पण विकत मी घेतली ना?"

"ते पुढच्या दारी. इथे मागच्या दारी घेणारे बाबा. त्यांना आणा."

लेक घरी आली. भेट काय आहे ते वडिलांना सांगावे लागले. वर्षभर जपलेले गुपित असे वाया गेले. वडील एवढेच म्हणाले, "नियम आहे म्हणतात तर जाऊ."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची बैलगाडी मागून तिने त्यांना राजधानीला नेले. त्या दिवशी खिडकीत दुसरा कारकून होता.

"आजोबा, पेटी तुम्ही घेतली?"

"मी कुठली घेतोय? मला तर ती अजून कोणी दिलीही नाही."

"अजून दिलीच नाही?" कारकुनाने लेकीकडे पाहिले. "मग घेणारा कोणी नाहीच. आधी पेटी द्या, मग तक्रार करा."

"मुकी पेटी कशी देऊ?"

"नीट चालणारी असती तर तक्रार कशाला केली असती तुम्ही?" असे म्हणून त्याने खिडकी लावली.

लेक चक्रावून गेली. परतताना गाडीत तिने विचारले, "बाबा, पेटी मी घेतली ना?"

"घेतलीस की."

"मग मी घेणारी. पण देणार आहे, म्हणून देणारी. आणि अजून दिली नाही, म्हणजे तीही नाही. मग मी कोण?"

"माझे डोळे गेलेत पोरी," वडील म्हणाले, "तू डोकं घालवू नकोस."

तिसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. रांगेत तीस-चाळीस माणसे होती, प्रत्येकाच्या कडेवर मुकी पेटी. खिडकी उघडलीच नाही. मैना सोडून ऐकायला कोणी नव्हते, म्हणून जो तो मैनेलाच सांगत होता, "पेटी गात नाही."

चौथ्या दिवशी पौर्णिमा होती. पुढच्या दारी गिऱ्हाइकांची गर्दी उसळली, तेव्हा त्यांच्या स्वागताला व्यापाऱ्याने मागची मैना पुढे आणून टांगली.

"या, बसा," तो गिऱ्हाइकांना म्हणाला.

"पेटी गात नाही," मैना म्हणाली.

सरबताचे पेले हातातल्या हातात राहिले. "पेटी गात नाही. पेटी गात नाही. पेटी गात नाही."

"हे हिला शिकवलं कोणी?" व्यापारी गरजला.

लेक पेटी घेऊन मागच्या दाराकडे निघाली होती, ती थांबली. "आम्ही सगळ्यांनी. तुमच्याकडे ऐकायला हीच तर ठेवली होती."

सगळे बघत होते. व्यापाऱ्याने घाईघाईने तिची पेटी घेतली, झाकण उघडले आणि दोन बोटांनी कापसाचा एक बोळा बाहेर काढला. पेटी गाऊ लागली.

"वाटेत तारा हलू नयेत म्हणून घालतो," तो पुटपुटला. "घरी नेल्यावर काढायचा असतो."

लेक त्या बोळ्याकडे पाहत राहिली. जन्मभर तिच्या बोटांमधून कापूसच गेला होता.

संध्याकाळी तिने वडिलांना ओवाळले आणि किल्ली दिली. वडिलांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले. मग हात पुढे करून म्हणाले, "आण ती पेटी इकडे. आता मी घेतली."

व्यापाऱ्याने पुढे मैनेला पुष्कळ पढवले, पिंजरा मागे नेला, झाकला. पण ती शिकलेले विसरली नाही, आणि त्या दिवशी सरबताचे पेले ठेवून गेलेली माणसे त्या दुकानात पुन्हा आली नाहीत.

तात्पर्य: जो विकताना आपण होऊन बोलतो पण तक्रार ऐकायला माणूस ठेवत नाही, त्याच्याविषयीची तक्रार एक दिवस त्याच्याच दारात साऱ्या गावाला ऐकू येते.