गजराआत्याचं निगडीचं बन

तळकुंभे गावाच्या वर, ओढ्यापलीकडं, ते दाट निगडीचं, म्हणजे निर्गुडीचं, बन दिसतंय ना, त्याला गजराआत्याचं बन म्हणतात. आसपासच्या गावची माणसं तिथला पाला नेतात. गुडघे धरले, कंबर आखडली, घरात बाळंतीण आली, की चार डहाळ्या हंड्यात उकळायच्या, मूठभर मीठ टाकायचं आणि न्हाणीचं दार ओढून त्या पाण्यानं अंग शेकून घ्यायचं. हाडं मोकळी होतात. पण पाला तोडताना तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्याचं कारण जुनं आहे.

गजराआत्या ही गावची न्हाऊ घालणारी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तरी गावातल्या प्रत्येक पोरानं पहिलं न्हाण तिच्याच पसरलेल्या पायांवर घेतलेलं. तिनं अंग चोळलं की म्हातारी माणसंसुद्धा लहान लेकरासारखी झोपी जायची, म्हणे.

एका हिवाळ्यात चुलीत लाकूड सारताना तिला मांस करपल्याचा वास आला. बघते तर निखारा तिच्याच बोटांना चिकटलेला, आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. ती बसल्या जागी थिजली. त्या काळी हातापायांना असं बधिरपण आलं की महारोग म्हणून माणसाला ओढ्यापलीकडं काढायचे. भांडं वेगळं, पाणवठा वेगळा, नावानं हाक मारणारंही कुणी उरायचं नाही. गजराआत्यानं बोटांना हळद बांधली आणि तोंड मिटून घेतलं.

पण पाण्याचं काय करायचं? हात घालून ते कढत की कोमट, कळेना. मग ती हंड्यावर तोंड वाकवून वाफेवरून ठरवू लागली. वाफ दाट दिसली की थंड पाण्याचं विसण जास्त घालायचं, पातळ दिसली की थोडं.

गावातली तुळसाकाकू एकदा थट्टेनं म्हणाली, "काय गं गजरे, हल्ली पाणी नाकानं मोजतेस होय?"

"मग काय करू? नाकाला मेल्याला दुसरं काम काय आहे?" आत्या हसली. बोटं मात्र पदराआड घेतली.

दोन वर्षं निभावलं. तिसऱ्या वर्षी वैशाख कधी नव्हे इतका तापला, आणि त्यातच तुळसाकाकूची सून मैना बाळंत झाली. पहिलटकरीण, चार दिवसांच्या तापानं पार गळून गेलेली. बाळंतिणीनं न्हाताना तोंड उघडलं तर वारं शिरतं, असं तेव्हा मानायचे. म्हणून तिनं अक्षर बोलायचं नाही, असा नेमच होता. गजराआत्यानं हंड्यात पाहिलं. वाफ अगदी विरळ. उन्हाच्या तलखीत कढत पाण्याचीही वाफ नीट दिसत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं विसण बेतानंच घातलं आणि मैनाच्या पाठीवर तांब्या ओतला. मग दुसरा. मैनानं ओठ दातांत धरला. तिसऱ्या तांब्याला ती आडवी झाली.

पाठ सोलून निघाली होती. घरच्यांना कळेना. कुणी म्हणालं, पाला बाधला. हां हां म्हणता सगळं गाव तेच म्हणू लागलं. ओढ्याकाठची निगडी जाळायची ठरली. गजराआत्यानं मान हलवली, "पालाच असेल."

ती रोज मैनाच्या पाठीला लोणी लावायला जायची. आठव्या दिवशी मैना हळूच म्हणाली, "आत्या, पाणी लई कडक होतं हो. पण तुम्हीच म्हणाला होता ना, बोलायचं नाही?"

नवव्या दिवशी मैना गेली.

अंगणात तिला पाटावर ठेवलं. बायांनी अखेरच्या आंघोळीचं पाणी आणलं. तांब्या उचलला तसा गजराआत्यानं तुळसाकाकूचा हात धरला.

"थांबा. आधी तिला विचारा."

"आता काय विचारायचं गं तिला?" तुळसाकाकू रडत ओरडली.

"मी विचारलं नाही, म्हणून ही इथं निजलीय. पाल्याला आग लावू नका. बाधला तो माझा हात."

असं म्हणून तिनं सगळ्यांसमोर चुलवणातल्या निखाऱ्यांत हात घातला आणि तसाच ठेवला. तोंडावरची रेघ हलली नाही. तेव्हा गावाला कळलं. तिला कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. सगळ्या बाया एक पाऊल मागं सरल्या, एवढंच.

ती त्याच दिवशी ओढा ओलांडून गेली. मरेपर्यंत तिथं निगडीची रोपं लावत राहिली, असं सांगतात. पाला कापून दगडावर ठेवायची आणि माणूस आलं की झाडाआड व्हायची. ती तिथंच आहे हे ठाऊक असल्यानं माणसंही हळू आवाजात बोलून पाला उचलायची, ती रीत तशीच राहिली. तिच्यामागं बन वाढत गेलं. बाळंतिणीनं गप्प बसायचा नेम मात्र गावानं मोडून टाकला.

आजही तळकुंभ्यात कुणाच्याही अंगावर पाणी घालताना तांब्या वरच धरतात आणि विचारतात, "सोसतंय का?" समोरच्यानं तोंडानं हो म्हटल्याशिवाय थेंब पडत नाही. तान्ह्या बाळासाठी त्याची आई आपल्या हातावर पाणी घेते आणि उत्तर देते. आणि गेलेल्या माणसालाही विचारतात. सगळं अंगण गप्प उभं राहतं. मग घरातलं सगळ्यात जवळचं माणूस पुढं होतं, ते पाणी आधी आपल्या हातावर घेतं आणि म्हणतं, "सोसतंय."